वरच्या फळीवरचा डबा

नाताळला पंधरा दिवस असताना मी स्वयंपाकघरात पडले आणि घोटा मोडून घेतला. सुनेनं, सलोनीनं, फरशी ओली ठेवली, असं मी आनंदला सांगितलं. आनंद माझा मुलगा. तो बायकोला अवाक्षर बोलला नाही, म्हणून मग मी अख्ख्या विश्रांतवाडीला सांगितलं.

खरं काय ते मला ठाऊक आणि देवाला. सलोनीनं फराळाच्या करंज्या केल्या आणि माझी साखर वाढते म्हणून डबा वरच्या फळीवर ठेवला. चाळीस वर्षं या घरातला फराळ माझ्या हातचा, आणि डबा माझ्यापासून लपवायचा? चढले स्टुलावर. पडल्या पडल्या चांगल्या पायानं आधी स्टूल ओट्याखाली सारलं, मग ओरडले. शाळा दुसरीपर्यंतच झाली माझी, पण डोकं चालतं.

त्यानंतर नुसते लाड. शेजारच्या दत्तोबांनी गावाहून हुरडा आणला. गाजराचा हलवा आला, हरभऱ्याचे घाटे आले. सलोनी घाटे सोलून वाटीत द्यायची. रोज एक करंजीही, डॉक्टरांना विचारून. म्हणजे मागितली असती तर मिळाली असती.

नाताळला रिक्षानं चर्चला गेलो. माझा प्लास्टरचा पाय सलोनीनं मांडीवर घेतला होता, खड्डा आला की दोन्ही हातांनी धरायची. दारातच आमच्या गल्लीतल्या शालनबाई भेटल्या.

"काय गं सलोनी, आता तरी फरशी कोरडी करतेस ना?"

मी हसले. हो, हसले.

प्रभुभोजनाला, येशूच्या नावानं भाकर घ्यायला, सगळे पुढे गेले, सलोनी बाकावरच बसून राहिली. पाळकसाहेबांनी भाकर माझ्या जागेवर आणून दिली. मी घेतली.

घरी आल्यावर विचारलं, "तू का नाही गेलीस? लोक काय म्हणतील?"

"मनात राग धरून प्रभूच्या मेजाकडे जायचं नसतं, आई. तुम्हीच शिकवलंत, मी नवी होते तेव्हा." तिनं करंजीची बशी पुढे केली. "फरशी मी दहाला पुसली होती. तुम्ही बाराला पडलात."

एवढंच. आणखी बोलली असती तर मी भांडले असते. भांडण मला जमतं.

जानेवारीचा पहिला रविवार. पुन्हा तीच रिक्षा, पुन्हा माझा पाय तिच्या मांडीवर, पुन्हा ती बाकावर. पाळकसाहेब भाकरीची थाळी घेऊन माझ्याकडे आले. खोटं मी बोलायचं आणि उपाशी तिनं राहायचं. मला हात पुढे करवेना.

"काय झालं, आजी?"

शालनबाई मागच्याच बाकावर होत्या. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले, "फरशी कोरडी होती. मी स्टुलावरनं पडले. करंजीसाठी."

शालनबाईंच्या पर्सची चेन तेवढी वाजली.

पाळकसाहेबांनी थाळी सलोनीपुढे धरली. तिनं मान हलवली. "आज नको, साहेब. आज नाही जमणार."

मग मीही घेतली नाही.

परतताना पाय तिच्या मांडीवर होताच. खड्डा आला की धरत होती.