पाकिटातला शेवट

पोस्टर पाहून मी सिनेमाची अख्खी गोष्ट सांगतो. यात चमत्कार काही नाही, आपले फ्रेंच प्रेमाचे विनोदी सिनेमे असतातच तसे. पॅरिसची घटस्फोटित बाई आजीचं घर विकायला समुद्रकाठच्या गावात येते. तिथे शिंपल्यातली कालवं विकणारा, दाढी वाढलेला, तुसडा कालवंवाला भेटतो. बाजारात भांडण, मग पाऊस आणि दोघांत एक छत्री. सत्तराव्या मिनिटाला गैरसमज. शेवटी बाई स्टेशनवर आणि कालवंवाला धापा टाकत तिच्या मागे. शिळ्या कढीला किती वेळा ऊत आणायचा, याला काही सुमार?

पण आमच्या गावाला तीच कढी हवी. गावातलं एकुलतं एक थिएटर आम्ही निवृत्त मंडळी फुकट राबून चालवतो. मी जन्मभर शाळेत साहित्य शिकवलं, म्हणून सिनेमानंतरची चर्चा माझ्या गळ्यात. तिकीटखिडकी जोसेतकडे. जोसेत विधवा, त्रेसष्टची, ती हसली की अख्खी रांग हसते. रविवारचा खेळ संपला की आम्ही दोघं तिच्या घरी जेवायचो, अकरा वर्षं. याला गाव काय म्हणायचं ते म्हणत होतं. आम्ही काहीच म्हणत नव्हतो.

चर्चेत माझा एक ठरलेला खेळ होता. पोस्टर लागलं की मी गोष्ट कागदावर लिहून पाकिटात बंद करायचो, आणि सिनेमा संपल्यावर जोसेत ती सगळ्यांसमोर वाचायची. त्या रविवारीही तिनं वाचली. सगळं बरोबर, फक्त छत्रीच्या जागी ताडपत्री निघाली.

पहिल्या रांगेत मेयरची बायको डोळे पुसत होती.

"बाई, हे रडं ताजं की मागच्या महिन्याचं उरलेलं?" मी विचारलं. लोक खिदळले.

"हसा, हसा," जोसेत म्हणाली. "तो येणार हे मला तिकीट फाडतानाच ठाऊक असतं. तरी तो दिसेपर्यंत जीव टांगणीला लागतोच ना! आणि आला की कसं बरं वाटतं. खऱ्या आयुष्यात कोण येतंय हो असं वेळेवर?"

"म्हणून दर महिन्याला तोच गाढव पळवायचा?"

"पळू दे की. तुमचं काय जातं?" तिनं कागदाची घडी घातली. "बरं, एक सांगा, सर. समजा, आपल्याच गावातली एक बाई गुरुवारी चार वीसच्या गाडीनं निघालीय. बोर्दोला, लेकीकडे, कायमची. तर इथल्या माणसानं काय करावं?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तिनं घरमालकाला घर सोडायची नोटीस दिल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. मी 'थांबा' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिनं चाळीस माणसांसमोर मागितलं होतं.

"घरी बसावं," मी म्हणालो. "या वयात धावलं की गुडघे जातात."

हशा पिकला. जोसेतही हसली.

गुरुवारी चार वाजता मी बूट चढवले. मग आरशात पाहिलं. दाढी वाढलेली, कोटाचं बटण भलत्याच काजात. हुबेहूब कालवंवाला! मला धावताना बघून मेयरच्या बायकोनं टाळ्या पिटल्या असत्या. ज्या शेवटावर मी आयुष्यभर थुंकलो, तोच नाक मुठीत धरून गिळायचा? मी बूट काढले. चार वीसच्या गाडीची शिट्टी घरातून ऐकली आणि, खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी सकाळी स्टेशनसमोरच्या कॅफेत गेलो. हा कॅफे फेर्नां चालवतो. माझा जुना विद्यार्थी, वर्गात कायम मागच्या बाकावर.

"काल आला नाहीत, सर," कॉफी ठेवत तो म्हणाला.

"कशाला यायचं?"

"जोसेतबाई होत्या ना इथे. तीनपासून त्या खिडकीशी बसलेल्या. चार वीसची लागली. मी म्हटलं, बाई, गाडी! तर म्हणाल्या, हिला फार गर्दी आहे रे, पुढचीनं जाते. सहा वीसलाही तेच. शेवटी आठच्या गाडीत मीच बॅग चढवून दिली." तो उगाच टेबल पुसत राहिला. "तुम्ही शिकवलेलं माझ्या डोक्यात काही राहिलं नाही, सर. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा, एवढं काल कळलं."

त्याला झापायला हवं होतं. पण मला माझीच शिसारी आली होती. कशाला तरी धरून राहायचं म्हणून मी विचारलं, "गर्दी होती का रे खरंच?"

"कसली गर्दी, सर! दोन डब्यांची गाडी. दोन्ही वेळा आत चिटपाखरू नव्हतं."