मामाने काढलेला वॉशर

मी एक वॉशर बोलतोय. वॉशर म्हटल्यावर तुम्हाला गळका नळ आठवला असेल, पण मी त्यांतला नाही. मी जाड, पोलादी, एका छोट्या स्कूटरच्या पोटात बसवलेला. गाडीने फार पळू नये, एवढंच माझं काम. वेग वाढला की आतला पट्टा पुलीवर चढू लागतो आणि ठरावीक जागी मी आडवा येतो. मग मूठ कितीही पिळा.

असल्या आडमुठ्याला चांगलं कोण म्हणणार? माझ्या मालकिणीने मला कधी पाहिलंही नव्हतं, तरी रोज शिव्या घालायची. ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. तयार कवळ्या डब्यात घालून दातांच्या डॉक्टरांकडे पोचवायच्या. जीव मात्र अडकला होता मेणातून दात कोरण्यात. फेऱ्या लवकर आटोपल्या तर लॅबच्या बाई तिला टेबलाशी बसू देत. तिच्या हाताला वळण आहे म्हणायच्या, आणि लवकरच तिला कायमचं टेबलावर घेणार होत्या.

म्हणून ती मामाकडे आली. मामाचं गॅरेज होतं, आणि भाचीपुढे त्याचं काही चालत नसे.

"मामा, भाजीची हातगाडीसुद्धा मला मागे टाकते," ती म्हणाली.

मामाने आधी नन्नाचा पाढा लावला. मग चहा झाला, तिने स्वतः कोरलेली मेणाची दाढ त्याच्या तळहातावर ठेवली आणि मामा विरघळला. थोड्याच वेळात मी बाहेर.

"ब्रेक बघायचे का?" तिने विचारलं.

"नवेच आहेत गं," मामा म्हणाला.

इथेच चुकलं. ब्रेक नवे होते खरे, पण माझ्या भरवशावर दिलेले. मी असताना जेवढा वेग, तेवढ्यापुरतेच. मला ते ओरडून सांगायचं होतं, पण वॉशरला तोंड कुठलं?

मी स्क्रूंच्या डब्यात पडलो, त्यामुळे पुढचं सगळं ऐकीव. उतारावर एक टेम्पो गल्लीतून मागे मागे येत होता. तिने ब्रेक करकचून दाबले. गाडी थांबली, पण टेम्पोवर आदळून. कवळ्या रस्ताभर विखुरल्या. ती वाचली. उजवं मनगट मात्र पूर्वीसारखं वळेना. बाईंनी तिला टेबलाशी बसवून पाहिलं, पण कोरणी धरली की हात थरथरायचा. मग तो विषय कुणी काढला नाही.

पुढे एकदा ती गॅरेजवर आली. मामा तिच्याकडे बघतच नव्हता.

"तो वॉशर आहे ना? बसव परत."

"आता काय उपयोग, बाळा?"

"हात माझा गेलाय, मामा. तुझा धड आहे ना? मग बसव."

बसवताना मी सारखा त्याच्या हातून निसटत होतो.

आता सकाळच्या फेऱ्या मामा मारतो, गॅरेज उघडायच्या आधी. ती डबा मांडीवर घेऊन मागे बसते. सायकलवाले आम्हाला हसत पुढे जातात. जाऊ देत. तुमच्या गाडीत माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला खुशाल शिव्या द्या, पण राहू द्या.

उतार आला की तिच्या डाव्या हाताची बोटं मामाच्या खांद्यात रुततात. मी परत आलोय, हे तिला माहीत आहे. तरी दर वेळी ती म्हणते, "मामा, हळू."