काळ्या मडक्यातलं तीर्थ

मंठाळच्या बारवेवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. कल्लप्पा महाराजांनी काळ्या मडक्यातल्या तीर्थात लोखंडी खिळा बुडवला, मंत्र पुटपुटले आणि वर काढला तो तांब्याचा.

"लोखंडाचं तांबं झालं, मग रोगाची काय टाप हाय?" महाराज गरजले. हाच कल्लप्पा वर्षापूर्वी मुडबी गावात पिकांवरच्या फवारणीची औषधं विकायचा, हे लोक सोयीनं विसरले होते.

शाळेतल्या विज्ञानाच्या ज्योत्स्नाबाई गर्दीत घुसल्या तेव्हा सोजराबाई नातवाला, तीन वर्षांच्या सोनूला, शिंपीनं, म्हणजे शिंपल्याच्या चमच्यानं, तीर्थ पाजायच्या बेतात होती. दोन दिवस हेच तीर्थ पिऊन, ओकून ओकून पोर मलूल पडलं होतं.

"अक्का, पाजू नका."

"करणी बाहेर पडायलीय, बाई. म्हाराज म्हणले."

"करणी न्हाई, मोरचूद हाय. पिकावर फवारायचं, तांब्याचं इख."

बाईंच्या हातात बीदरच्या प्रयोगशाळेचा कागद होता. समुद्राकाठी पाण्यातले धातू ओळखायला शिंपले वापरतात, हे शिकवताना त्यांनी मुलांना ओढ्यातले शिंपले जाळीत घालून बारवेतही सोडायला लावले होते. शिंपला दिवसभर पाणी गाळतो आणि त्यातला धातू अंगात साठवतो. महिन्याभरात सगळे तोंड वासून मेले. ओढ्यातल्या शिंपल्यांपेक्षा यांच्या मांसात वीसपट तांबं निघालं. तीर्थ कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून उरलेलं रोज बारवेत सोडत. भक्तांनी श्रद्धेनं महाराजांचं बिंग पाण्यात ओतलं होतं.

"तुमाला देव नको, मग आमच्यात कामून पडायलाव?" कल्लप्पानं डिवचलं.

"देवाचं न्हाई, पाण्याचं बोलायलेय. या बारवेला शिवायची माझ्या आज्याला बंदी होती. आता हे पाणी माझंबी हाय. यात इख कालवू देणार न्हाई."

बाईंनी दुकानातून आणलेलं मोरचूद पेलाभर पाण्यात विरघळवलं आणि खिळा टाकला. थोड्याच वेळात, एकही मंत्र न म्हणता, तो तांबडा झाला. मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढतं, एवढीच ती करामत. निळा रंग दिसू नये म्हणून मडकं काळं.

सोजराबाईनं शिंपी कल्लप्पापुढं धरली. "आधी तुमी प्या."

कल्लप्पा मागं सरकला. सोजराबाईनं शिंपी तिथंच टाकली, सोनूला खांद्यावर घेतलं आणि दवाखान्याकडं निघाली. एक भक्त सवयीनं मडकं बारवेत ओतायला उठला. बाईंनी त्याचा हात धरला.

"हे पोलिसांना दाखवायचंय."

मुक्या शिंपल्यांनी जीव देऊन खरं सांगितलं. आपल्याला तर तोंड आहे. पुढच्या वेळी हात जोडण्याआधी विचारा, मडक्यात काय आहे?