दोन कार्डांची नावं

घेवरचंद शेठची केळी पिकवायची चेंबरं जळगावात पिंप्राळ्याच्या पुढे आहेत आणि त्या चेंबरांचा कॉम्प्युटर मी सांभाळते. सांभाळते म्हणजे तो रुसला की धावत जाते. त्याच्यापायीच मी पिंप्राळ्यात खोली भाड्याने घेऊन राहत होते, आणि तिकडे धुळ्यात, देवपूरला, माझी आई एकटी होती. गेल्या वर्षी तिचा डावा हात-पाय लुळा पडला. दिवसा शेजारच्या कोकिळामावशी बघतात, पण त्यांनाही त्यांचं घर आहे.

मला धुळ्याला राहायचं होतं आणि नोकरीही सोडायची नव्हती. शेठनी धुळ्याजवळ नरडाण्याला नवी चेंबरं बांधायला काढली तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं, धुळ्यात राहून तिकडचं बघते.

"जा ना बेटा, कोण अडवतं?" शेठ म्हणाले. "पण इथलं मशीन तुझ्याशिवाय उठलं पाहिजे. ज्या दिवशी उठेल, त्या दिवशी जा."

मशीन का उठत नव्हतं ते सांगते. ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात चेंबरांची तापमानं आणि पंखे सांभाळणारा दुसरा कॉम्प्युटर चालतो. त्याला वेगळा डबा नाही, की वायर नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याला दोन नेटवर्क कार्डं आहेत. एकातून तो चेंबरांशी बोलतो, दुसऱ्यातून बाहेरच्या इंटरनेटशी. चालू होताना तो कार्डं शोधायचा आणि जे आधी सापडेल त्याला पहिलं नाव द्यायचा, उरलेल्याला दुसरं. लाइट जाऊन आली की कधी हे आधी सापडायचं, कधी ते. नावं उलटी झाली की चेंबरचा निरोप इंटरनेटकडे आणि इंटरनेटचा चेंबरकडे. वर बाहेरून आत शिरायची वाटही बंद. त्यामुळे लांब बसून काही करता यायचं नाही. समोर जाऊन बसायचं, नावं सुलटी करायची, कपाळाला हात लावायचा आणि परत यायचं.

शेवटी एकदा वैतागून मी मुळालाच हात घातला. प्रत्येक कार्डाला स्वतःचा एक नंबर असतो. कोण आधी सापडलं ते बघूच नकोस, नंबर बघ, असं मी मशीनला लिहून दिलं. या नंबरचं कार्ड ते 'आत', त्या नंबरचं ते 'बाहेर'. नावंसुद्धा हीच ठेवली, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्यालाही डोकं खाजवावं लागू नये. मग मुद्दाम मशीन बंद-चालू करून पाहिलं. नावं जागची हलली नाहीत. भाद्रपदात लाइटनं यथेच्छ धिंगाणा घातला, पण मला एकदाही धावावं लागलं नाही.

शेठना एवढ्यानं पटेना. "दसऱ्याला नवा कॉम्प्युटर बसवतोय," ते म्हणाले. "मुहूर्तावर अर्हम सगळं त्याच्यात टाकेल. तू धुळ्यातच थांब. मशीन चालू झालं, तर तू तिकडची."

अर्हम हा शेठचा नातू. पोरगा हुशार आहे, पण आजोबांपुढे त्याचा आवाज निघत नाही. मी त्याला नीट बजावलं होतं. "मशीन जुन्यातून उचलायचं, नव्यात ठेवायचं, चालू करायचं. ते तुला विचारेल, मला हलवलंय की माझी नवी प्रत केलीय? तर हलवलंय म्हणायचं."

"हलवलंय म्हणायचं," अर्हमनं म्हणून दाखवलं होतं.

दसऱ्याला मी आईला जेवू घातलं आणि फोन मांडीवर घेऊन बसले. मुहूर्त टळून बराच वेळ झाल्यावर त्याचा फोन आला.

"ताई, चालू झालंय, पण चेंबरं दिसत नाहीत."

मी इथून शिरून पाहिलं. वाट बंद. पाठोपाठ शेठ फोनवर आले. दुसऱ्या दिवशी एकादशी, पहाटे माल निघायचा होता. चेंबरवरची माणसं तोवर हातानं बटणं दाबून पंखे चालवत होती, पण पिकायला घातलेली केळी आतल्या आत तापतात, ती किती वेळ दम धरणार?

"बेटा, ये तू," शेठ म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं, कारण पुढचं काही त्यांनी सांगायची गरजच नव्हती.

आईनं सगळं ऐकलं होतं. "जाय तू," ती म्हणाली. "माले काय व्हस नही."

मी कोकिळामावशींना हाक मारली, पिशवी उचलली आणि जळगावची एसटी पकडली. सणाची गाडी, जेमतेम अर्धी भरलेली. डोकं नुसतं भणभणत होतं. नियम बरोबर होता, मी शंभर वेळा तपासला होता. मग चुकलं कुठे? पारोळा मागे पडल्यावर मी अर्हमला फोन लावला.

"तू हलवलंय म्हणालास ना?"

"म्हणजे... ताई..."

"अर्हम!"

"मी तिथंच बोट नेलं होतं ताई," तो हळूच म्हणाला. "दादाजी शेजारी उभे होते. म्हणाले, दसऱ्याला नवी वस्तू आणायची आणि तिला जुनं म्हणायचं? नवं म्हण. मग मी नवं म्हटलं."

मी एसटीत एवढ्या मोठ्यानं "अरे देवा" म्हणाले की शेजारच्या बाई सरकून बसल्या. नवी प्रत म्हटल्यावर मशीननं दोन्ही कार्डांना कोरे करकरीत नंबर दिले होते. माझा नियम बिचारा जुने नंबर शोधत बसला होता. ते नव्हतेच, त्यामुळे 'आत' कोण आणि 'बाहेर' कोण, काही ठरलंच नाही.

"जुना कॉम्प्युटर कुठाय?"

"कोपऱ्यात. त्यालाही हार घातलाय."

"तो चालू कर, पण त्याच्या पोटातलं मशीन चालू करू नकोस. नुसती सेटिंग उघड. दोन कार्डांचे दोन नंबर दिसतील. नव्यातलं मशीन बंद कर आणि तेच नंबर त्याला हातानं घाल. कोणता कुठं, ते नीट बघ."

"दादाजी विचारतील..."

"त्यांनाच विचार, दाणाबाजारातलं जुनं दुकान सोडून इकडे आले तेव्हा स्वतःचं नाव बदललं होतं का?"

एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "बघा ताई." मी मोबाइलवरून शिरून पाहिलं. वाट उघडली. 'आत' जागेवर, 'बाहेर' जागेवर, आणि एकेक करत सगळ्या चेंबरांची तापमानं पडद्यावर आली. कंडक्टरनं घंटी द्यायला हात वर केला होता. मी पिशवी घेऊन खाली उतरले.

शेठचा फोन लगेच आला. "कुठे पोचलीस?"

"एरंडोलला उतरले. मशीन उठलंय, शेठ."

"सांगितलं अर्हमनं. पण पडलं तर होतं ना?"

इतकी वर्षं मी शेठपुढे आवाज चढवला नव्हता. तो त्या दिवशी चढला. "पडलं नव्हतं, तुम्ही पाडलंत. मी पोराला उत्तर शिकवून ठेवलं होतं, ते तुम्ही बदलायला लावलंत. आणि सणाच्या दिवशी आईला अंथरुणावर टाकून मी निघाले."

स्टँडवरची माणसं बघायला लागली. मला वाटलं, गेली नोकरी.

"मला वाटलं, आजच्या दिवशी शुभ बोलावं," शेठ म्हणाले.

"शुभच बोललात. पण मशीनला ते कळत नाही, शेठ."

"हं. चूक माझी झाली. आता धुळ्याची गाडी बघ. सोमवारपासून नरडाण्याला जात जा. इथली खोली सोड, सामान टेम्पोनं पाठवून देतो."

मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि तिथल्या बाकावर बसून रडले. आनंदानं की थकून, ते माझं मलाच कळलं नाही.

घरी पोचले तेव्हा आई जागीच होती. ती पहिला प्रश्न नेहमी एकच विचारते, परत कधी जाणार. तोच विचारला, "आते कव्हय जाशी?"

"आते जास नही, माय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. "मंग ती पिशवी खाली करी टाक," म्हणाली.

पिशवी रिकामी करायला मी कपाट उघडलं. आईचे कपडे खालच्या कप्प्यांत दाटीवाटीनं कोंबलेले होते, काही बाहेर खुर्चीवर होते. वरचा एक कप्पा मात्र पूर्ण रिकामा होता, खाली स्वच्छ कागद घातलेला.

"मी किती वेळा म्हटलं, हे कपडे तिथं ठेवू का," कोकिळामावशी दारातून म्हणाल्या. "तुझी आई ठेवूच देत नाही."