एकोणिसाव्या नावाला हजर कोण?

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्यातून एकोणिसावे नाव वाचले गेले आणि समोरच्या दीडशे माणसांपैकी एकानेही 'हजर' म्हटले नाही. चौकात असे यापूर्वी कधीच झाले नव्हते.

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. एका टोकाला अरुंद, दुसऱ्या टोकाला रुंद आणि मधे लाकडी मूठ. अरुंद टोकाला तोंड लावून बोलले की रुंद टोकातून तेच मोठ्याने ऐकू येते. मला वीज लागत नाही आणि मी शिट्ट्यांसारखा किंचाळतही नाही. डबे बनवणाऱ्या कारखान्यात उरलेल्या पत्र्यातून माझा जन्म झाला. माझ्या आत डोकावलात तर बिस्किटांच्या डब्याची अर्धी निळी पट्टी अजून दिसेल.

कारखान्यातून मी थेट गावच्या वारसा मंडळात आलो. चौकात एक काळा दगड आहे. स्वातंत्र्याच्या लढ्यात गेलेल्या तेवीस जणांची नावे त्यावर कोरली आहेत. मंडळाची रीत अशी, की वर्षातून एकदा सर्वात नव्या किशोर सदस्याने ती नावे माझ्यातून वाचायची आणि प्रत्येक नावानंतर जमलेल्या सगळ्यांनी 'हजर' म्हणायचे.

पूर्वी तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ उभे राहत. बोटे कानशीच्या भुकटीने काळी झालेली. एकोणिसाव्या नावाला त्यांचा 'हजर' सगळ्यांत मोठा असे. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचे कुलुपांचे दुकान होते आणि सगळा गाव त्यांना कुलूपकाका म्हणे. एकदा माझी मूठ निखळली, तेव्हा त्यांनीच कथील वितळवून ती पुन्हा घट्ट बसवली. काम झाल्यावर दुकानात कोणी नाही असे पाहून त्यांनी मला तोंडाला लावले, एकोणिसावे नाव उच्चारले, स्वतःच 'हजर' म्हटले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मला सगळे समजले. पण कर्ण्याला स्वतःचा आवाज नसतो, मित्रांनो. कोणीतरी तोंड लावावे लागते.

पुढे मंडळात ध्वनिक्षेपक आला आणि मी केरसुण्यांच्या कपाटावर गेलो. कुलूपकाका वारले. किशोर सदस्य चाळीसचे चार झाले. मग चिटणीसांनी दाराशी फळा टांगला: 'किशोर सदस्यत्वाचे सहा फायदे.' चिटणीस म्हणजे निवृत्त कवायतशिक्षक, त्यामुळे फळ्यावरची अक्षरेही सावधान उभी. ग्रंथालय, दफ्तरखान्यात प्रवेश, संग्रहालय, भाषणाचा सराव, बिल्ला, सहल.

या वर्षी बेकरीवाल्यांची धाकटी मुलगी आली. वय चौदा, बाहीवर पीठ.

"काय आवडलं फळ्यावरचं?" चिटणीसांनी विचारले.

"खरं सांगू? सहावं."

"वरून सहावं की खालून?"

"सर, सहल!"

तिला घेतले. ध्वनिक्षेपक त्याच सुमारास बंद पडला होता, म्हणून मलाही खाली उतरवले. नव्या सदस्याने दगडावरच्या एका माणसाची माहिती शोधून चौकात सांगायची असते. तिच्या वाट्याला एकोणिसावे नाव आले, कारण त्याच्याबद्दल दोन ओळींपलीकडे कोणालाच काही सापडले नव्हते.

सहलीसाठी आलेली ही पोरगी दुसऱ्या फायद्याला चिकटली. सदस्यत्वाचे कार्ड दाखवून ती दफ्तरखान्यात जाऊ लागली. आठव्या दिवशी धापा टाकत मंडळात आली.

"सर, मेलेला माणूस दुकानाचा परवाना काढू शकतो का?"

"रांग फार मोठी असेल तर मेल्यावरच मिळतो," चिटणीस म्हणाले.

तिने उतारा पुढे केला. तेच नाव, तेच वडिलांचे नाव, तीच जन्मतारीख; मृत्यूनंतर अकरा वर्षांनी घेतलेला परवाना. दुकान कुलुपांचे. चिटणीसांचे हसू मावळले. त्यांनी मला उचलून तिच्या हातात दिले. "याची मूठ पुन्हा हलतेय. दुरुस्तीला म्हणून जा. आणि नीट विचार."

दुकान आता कुलूपकाकांची मुलगी चालवते. तिने मला उलटे केले आणि थबकली. "हे कथील बाबांच्या हातचं." मग बेकरीवाल्यांच्या मुलीचा प्रश्न ऐकून तिने हातातला पाना खाली ठेवला.

"बाबांचा एक सोबती होता. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. सतत शीळ घालायचा, म्हणून सगळे शिट्टी म्हणायचे. थंडीत कुडकुडत होता म्हणून बाबांनी त्याला आपला कोट दिला. तो त्या कोटातच गेला. खिशात बाबांचे कागद. बाबा तुरुंगातून सुटून आले तेव्हा दगड तयार होता."

"मग त्यांनी सांगितलं का नाही?"

"म्हणायचे, माझं नाव खोडलं तर शिट्टीला उभं राहायलाही जागा उरणार नाही. म्हणून तर दगडाजवळ दुकान थाटलं. आणि खरं सांगू, पोरी? इतकी वर्षं सगळे त्यांच्याकडून कुलुपं नेत होते. काका, तुमचं नाव काय, असं एकानंही विचारलं नाही."

मंडळाच्या अध्यक्षबाईंना हे पचायला जड गेले. "दगडावर शिट्टी लिहायचं? लोक काय म्हणतील?" चिटणीसांनी नियमावली उघडली. लेखी पुरावा असेल तर कोणत्याही वयाच्या सदस्याचे म्हणणे चौकात ऐकून घ्यावे, असे तिथे लिहिले होते. हा नियम आजवर कोणी वापरला नव्हता, कारण तो कोणी वाचलाच नव्हता.

म्हणून रविवारी तिने आधी सगळी हकिकत सांगितली आणि मग नावे वाचायला घेतली. एकोणिसाव्या नावावर चौक गप्प झाला. शेवटी तिने पुन्हा तोंड लावले आणि दगडावर नसलेले नाव पुकारले.

"शिट्टी!"

तिसऱ्या रांगेतून एक लांब, उतरत जाणारी शीळ आली. कुलूपकाकांच्या मुलीला ती वडिलांनी शिकवली होती. मग कुणी जमेल तशी शीळ घातली, कुणाची नुसतीच हवा गेली. चिटणीसांची कवायतीची शीळ मात्र अशी निघाली, की कोपऱ्यावरची दोन मुले पटकन रांगेत उभी राहिली.

त्या दिवसापासून आणखी सात किशोर सदस्य झाले आहेत. फळ्यावर बेकरीवाल्यांच्या मुलीने खडूने सातवा फायदा लिहिला: 'चूक सापडली तर सांगता येते.' अध्यक्षबाईंनी तो वाचला, पुसला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे काही अडगळीत पडले असेल, तर ते खाली काढून पुसा. आणि ते कोणी दुरुस्त केले होते, त्या माणसाचे नाव विचारा.

दगडाचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. कार्यकारिणीत चार मते बाजूने, चार विरुद्ध. अध्यक्षबाईंनी आपले मत राखून ठेवले आहे. काल पाथरवट येऊन माप घेऊन गेला. तेविसाव्या नावाखाली त्याने खडूने दोन अक्षरे आखून ठेवली आहेत. आज सकाळी आठ वाजता अध्यक्षबाई एकट्याच दगडासमोर उभ्या होत्या. त्या निघून गेल्या तेव्हा अक्षरे जागेवर होती.