अर्ज मिळाला

मी एक रबरी शिक्का बोलतोय. बोलायची सवय नाही मला. आयुष्यभर दोनच शब्द बोललो, तेही कागदावर तोंड आपटून: ‘अर्ज मिळाला’. माझं शिक्षणही तेवढंच. तोंडावर जे कोरलंय ते वाचता येतं, बाकीचं माणसांच्या बोलण्यातून कळलं. आता टेबलाच्या खालच्या खणात पडून आहे. काम नाही, आणि पोटात राग आहे. तो एकदा सांगून टाकतो.

माझा जन्म एका जिन्याखालच्या दुकानात झाला. दुकान इतकं लहान की गिऱ्हाईक रस्त्यावरच उभं राहायचं. शिक्केवाल्यानं मला कोरलं, लाकडी मुठीला चिकटवलं, कोऱ्या कागदावर उमटवून पाहिलं आणि म्हणाला, “सुबक आलाय.” पुढं एवढं कौतुक कुणी केलं नाही.

तिथून मी एका कॉलेजच्या कार्यालयात आलो, आवक टेबलावर. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी या टेबलावर येतो. माझे धनी तिथले कारकून. मुलं त्यांना काका म्हणत. माणूस वाईट नव्हता. गुडघे दुखायचे, चहा बशीत ओतून प्यायचे, कुणावर ओरडायचे नाहीत. पण हाताला एक वळण पडलं होतं. मला शाईच्या गादीवर टेकवायचं, अर्जावर मारायचं, पुन्हा गादीवर, मग अर्जाच्या नकलेवर. नक्कल मुलांच्या हातात, अर्ज मागच्या हिरव्या कपाटात. डोळे सगळा वेळ खिडकीबाहेरच्या रांगेवर.

वाचायचं काम साहेबांचं, असं काका म्हणत. साहेब म्हणजे कार्यालयाचे प्रमुख. ते म्हणत, आलेला अर्ज कारकुनानं वाचून माझ्याकडे पाठवायचा असतो. दोघांच्या मधे कपाट भरत राहिलं. नळाला पाणी नाही, पंखा फिरत नाही, निकालात गुण चुकलेत. सगळ्यांना मी ‘मिळाला’ म्हणालो आणि मुलं समाधानानं परत गेली. आता विचार करतो तेव्हा माझीच मला लाज वाटते. मिळाला म्हणजे काय झालं? काहीच झालं नाही.

एके दिवशी विद्यार्थी संघटनेची सचिव खिडकीशी आली. भांडायला पक्की, म्हणून सगळे तिला वकिलीण म्हणत. शिकत होती भूगोल.

“काका, पोच द्या.”

“आज काय काढलंत, वकिलीणबाई?”

“लिफ्ट पाहिजे.”

“अहो, तरणीताठी मुलं तुम्ही. आम्ही काय करायचं मग?”

ती बाजूला सरकली. मागं पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी होती, शिंप्याची लेक. लहानपणीच्या आजारानं तिचा एक पाय बारीक राहिला होता. काखेत कुबड्या. त्यांच्या आडव्या दांड्यांवर बापानं सुटाच्या कापडाची मऊ गादी शिवली होती, टीप अगदी दोरीनं आखल्यासारखी. काकांनी कुबड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला उचललं.

तिची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. पायऱ्या बहात्तर. इमारतीत लिफ्ट होती, चांगली चालू होती. पण लिफ्टमनला हुकूम होता: फक्त कर्मचारी आणि पाहुणे. खुर्च्या लिफ्टनं जायच्या, फायलींचे गठ्ठे जायचे, चहाची किटलीसुद्धा लिफ्टनं जायची. ही मुलगी मात्र जिन्यानं. ती वर पोचेपर्यंत हजेरी घेऊन झालेली असायची, आणि तिच्या नावापुढं गैरहजर. प्रात्यक्षिकांना पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. वर्ष गेलं तर मी परत येणार नाही, असं तिनं वकिलिणीला सांगून ठेवलं होतं.

पहिला अर्ज कपाटात गेला. दुसरा गेला. तिसऱ्या वेळी साहेब स्वतः टेबलाशी आले. मोठ्या मायेनं म्हणाले, “बाळ, विषय बदलून घे ना. इतिहासाचे वर्ग तळमजल्यावरच आहेत.”

मुलगी हळू आवाजात म्हणाली, “इतिहास चांगलाच असेल साहेब. पण मला रसायनशास्त्र येतं.”

साहेब हसले आणि आत गेले. त्यांना ते उत्तर ऐकूच आलं नसावं. मला आलं. अजून येतं.

संघटनेची मुलं स्वस्थ बसली नाहीत. त्यांनी जिन्याच्या तोंडाशी टेबल मांडून सह्या घ्यायला सुरुवात केली. एकेका पायरीवर खडूनं आकडा लिहिला, एक ते बहात्तर, म्हणजे चढणाऱ्याला नको असलं तरी मोजावं लागे. साहेबांनी आकडे पुसायला लावले. मुलांनी पुन्हा लिहिले. गणिताच्या एक वयस्कर बाई लिफ्ट सोडून जिन्यानं जाऊ लागल्या. “ती चढते तर मला काय धाड भरलीय,” म्हणायच्या आणि दुसऱ्या मजल्यावर खिडकीचा गज धरून दम खात उभ्या राहायच्या. नऊशे सह्या जमल्या. त्या पाचव्या अर्जाला जोडल्या होत्या. नऊशे माणसं बोलली आणि मी एकदाच ‘मिळाला’ म्हणालो.

मग सहावा अर्ज आला. दिसायला आधीच्या पाचांसारखाच. वकिलीण त्या दिवशी खिडकीची कड धरून काकांचा हात बघत होती. काकांनी नेहमीसारखं मला गादीवर टेकवलं, अर्जावर मारलं, नकलेवर मारलं. अर्जाच्या शेवटी काय लिहिलं होतं ते पुढं सगळ्या कार्यालयाला पाठ झालं: ‘पंधरा दिवसांत लेखी नकार मिळाला नाही, तर कार्यालयाची संमती आहे असे धरून सदर विद्यार्थिनी लिफ्ट वापरेल.’

नकार कोण देणार? वाचलं कुणी होतं?

सोळाव्या दिवशी मुलगी ती नक्कल घेऊन लिफ्टपाशी गेली. लिफ्टमननंही वाचलं नाही. त्यानं कागद उलटा धरला, माझा ठसा शोधला आणि म्हणाला, “शिक्का आहे ना? मग बसा ताई.” चार दिवस ती वेळेवर वर गेली. चार दिवस तिच्या नावापुढं हजर लागलं. पाचव्या दिवशी दार उघडलं तर आत साहेब उभे.

तासाभरात ते आमच्या टेबलाशी होते, हातात ती नक्कल.

“हा शिक्का तुमचा?”

“माझ्या टेबलाचा,” काका म्हणाले.

“तुम्ही मारलेला नाही. तुम्ही चहाला गेलात, मुलांनी खिडकीतून हात घातला आणि मारून घेतला. असं लिहून द्या. त्या दोघींना काढून टाकू, विषय संपला.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “दोन महिन्यांवर निवृत्ती आलीय तुमची. जाताजाता डाग कशाला लावून घेता?”

साहेब गेले. काका मला मुठीत धरून बसले. मी मनात म्हणत होतो, धनी, मला चोरीचा करू नका. मी खोटा उमटलो नाही.

मग ते उठले. हिरव्या कपाटातून सहाही अर्ज शोधून काढले आणि ओळीनं टेबलावर मांडले. खिडकी लावून घेतली आणि वाचायला बसले, ओठ हलवत. पाचव्या अर्जाशी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बाहेर रांग कुरकुरत होती. त्यांनी तिकडं पाहिलं नाही.

शेवटी त्यांनी स्वतःचा कागद लिहिला आणि साहेबांना बोलावून वाचून दाखवला. “सहाव्या अर्जावर शिक्का मी मारला. न वाचता मारला, ही माझी चूक. त्याआधीचे पाच अर्जही या कार्यालयाला मिळाले आणि तेही कुणी वाचले नाहीत. ही चूक माझ्या एकट्याची नाही. सहाही अर्ज सोबत जोडले आहेत.”

“हे काय मांडलंय तुम्ही?” साहेब म्हणाले.

काकांनी कागद पुढं ओढला. मला गादीवर टेकवलं, त्या कागदावर मारलं, नकलेवर मारलं. नक्कल घडी करून खिशात ठेवली. “पोच घेतलीय साहेब,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर प्रकरण दाबता येईना. मुलींना काढायचं कुणी नाव काढलं नाही. काकांना ताकीद मिळाली, तीही लेखी. प्रयोगशाळेच्या सरांनी उशिरा पोचलेले दिवस हजेरीत धरले आणि शिंप्याची लेक परीक्षेला बसली. लिफ्टची परवानगी आली, पण कशी? ‘विशेष बाब म्हणून, एका विद्यार्थिनीस, एका वर्षापुरती.’ जसं काही पुढच्या वर्षी तिचा पाय बरा होणार होता. वकिलीण पुन्हा खिडकीशी आली. “काका, बाब नको, नियम पाहिजे. पुढं दुसरी कुणी येईल तिचं काय?” तो सातवा अर्ज.

पण तो माझ्या वाट्याला आला नाही. साहेबांनी नवा शिक्का करून घेतला: ‘अर्ज मिळाला. मजकूर मान्य आहे असे समजू नये.’ एका मुलीला लिफ्टमध्ये पाय ठेवू द्यायला या कार्यालयाला सात महिने लागले. हा शिक्का दोन दिवसांत करून आला. घाई करायला जमतं त्यांना. कशासाठी करायची, तेवढंच जमत नाही.

मी आता काही पाहत नाही, फक्त ऐकतो. वरच्या टेबलावरून आवाज येतात.

“काका, मारा ना लवकर. तास सुरू झाला.”

“थांब जरा. दुसऱ्या पानावर आहे.”

सातव्या अर्जाच्या दिवशी काकांची खुर्ची मागं सरकली. त्यांची पावलं कपाटाकडे गेली नाहीत. सावकाश, गुडघे सांभाळत साहेबांच्या दारापर्यंत गेली. दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग काकांचा: “साहेब, बसा. मी वाचतो, तुम्ही ऐका.”

पुढच्या आठवड्यात काका निवृत्त होतील. खण रिकामा करताना मला कुणीतरी टोपलीत टाकील. टाका, माझी तक्रार नाही. पण या खुर्चीवर उद्या जो बसेल त्याला सांगतो: बाबा, तुझ्या हातातल्या शिक्क्याला माझ्यापेक्षा सहा शब्द जास्त येतात, आणि सहाही अंग काढून घ्यायचे आहेत. तो उचलायच्या आधी समोरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाच. रांग थांबेल. तिसऱ्या मजल्यावरची हजेरी कुणासाठी थांबत नाही.