फलाटावरचा जवळा

डोळे मिटा पाहू. उरणच्या बाजूची एक खाडी डोळ्यांसमोर आणा. काठाला मिठागरं, आणि मिठागरांच्या कडेला एक इवलंसं कौलारू स्टेशन. इंग्रजांच्या काळात मिठाच्या वाघिणी ओढणारी छोटी गाडी तिथून सुटायची. पुढे गाडी बंद पडली, रूळही कुणी उचलून नेले. दगडी फलाट तेवढा उरला. आता त्या फलाटावर जवळा पसरा, म्हणजे ती नखाएवढी गुलाबी कोळंबी. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पसरलात? मग ऐका.

तो जवळा दहा वर्षांच्या केसरच्या घरचा होता. भादव्यात ऊन सापडेल तेवढं पकडून तो सुकवायचा आणि कापणी झाली की आतल्या गावांत देऊन भात आणायचं. केसरच्या घरी वर्षभर चूल पेटायची ती या वाळवणावर.

एका सकाळी मिठागराचा मुनीम, बाळाजी, मुंबईच्या एका फोटोग्राफरला घेऊन आला. त्याला जुन्या स्टेशनांचे फोटो काढून दिवाळीची भेटकार्डं छापायची होती.

"नीराबाई, हे उचला," मुनीम केसरच्या आईला म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे."

"अर्धा वाळलाय, मुनीमजी. ढीग केला तर आतून तापंल."

"मग उद्यापासून इथं पाय ठेवू नका. फलाट काय तुमच्या सासऱ्याचा आहे?"

"या फलाटाचा भराव तेंनीच टाकला व्हता," नीराबाई पुटपुटली, पण झाडू हातात घेतला.

केसरला राहवेना. "फोटूला वास येतो काय?" तिनं फोटोग्राफरला विचारलं.

"फोटोला नाही येत. मला येतो," तो हसला. "आणि दिवाळीच्या कार्डावर मासळी कोण ठेवील, बाळ?"

जवळ्याचा ढीग भिंतीशी लागला. पावसाची सर आली तर भिजेल म्हणून फोटोग्राफरनं त्यावर आपली ताडपत्री घट्ट खोचली. आपण उपकारच केला असं त्याला वाटत होतं. मग खांबांना झेंडूच्या माळा बांधल्या, दारात पणत्या मांडल्या, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं.

"ऊन पडल्याशिवाय फोटो नाही," म्हणत त्यानं डब्यातल्या पुऱ्या काढल्या. पाच मिनिटांचा तास झाला, तासाचे दोन.

केसरनं ताडपत्रीखाली कोपरापर्यंत हात घातला. ढिगाचं पोट नुकत्याच उतरलेल्या भातासारखं गरम लागलं. हाताला आंबूस वास आला.

"काका, हात घालून बघा. नासतोय."

"छे, मला याच हातानं कॅमेरा धरायचाय."

"पोरीची जीभ बघा," मुनीम म्हणाला. "हिला बोंबलासारखी वाळवणाच्या वलांडीवर टांगायला हवी."

दोघेही हसले. नीराबाईनं मान खाली घातली. भर बाजारात चार जणींना गप्प करणारी आपली आई खाली बघते आहे, हे केसरनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. तिच्या कानशिलांतून वाफ निघाली. त्यांना ऊन हवं ते एका चित्रापुरतं. आम्हाला हवं ते पोटाला. मग ताडपत्रीआड आम्हीच का बसायचं?

आणि मुलांनो, हे तिचं बरोबरच होतं. मी एवढी वर्षं विचार करतोय, मला याचं दुसरं उत्तर सापडलेलं नाही.

तेवढ्यात ढग फाटला. फलाटावर लख्ख ऊन उतरलं. फोटोग्राफर पुरी टाकून कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात शिरला. "कुणी हलू नका," तो आतून म्हणाला.

"केसर, बस खाली," नीराबाई म्हणाली.

केसरनं ताडपत्री ओढून बाजूला टाकली. पाटी जवळ्यानं भरली, डोक्यावर घेतली, झेंडूच्या माळांखालून सरळ फलाटाच्या मधोमध गेली, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून मुठी मुठीनं जवळा उन्हात पसरू लागली.